पाणी मुरू द्या

मोहल्ल्यातली गल्ली काँक्रीटची झाली की आपण खूश होतो. पण 100 चौरस मीटर काँक्रीटवर 50 मिलिमीटर पाऊस पडला, की 5000 लिटर पाणी उताराकडच्या घरांकडे धावते.

पाझरणाऱ्या फरसबंदीत पेव्हर ब्लॉकमधल्या फटींत बारीक खडी भरतात. खाली धुतलेल्या जाड खडीचा थर असतो. त्यात साधारण एक तृतीयांश पोकळी. म्हणजे 30 सेंटिमीटर थरात 100 मिलिमीटर पाऊस मावतो आणि हळूहळू मुरतो.

26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला. तेवढा यात मावणार नाही. फटी गाळाने बुजतात, त्याही साफ ठेवाव्या लागतात. तरी मी म्हणेन, मशिदीच्या अंगणापासून सुरुवात करू. आपल्या अंगणातले पाणी शेजाऱ्याच्या घरात शिरू नये, हा त्याचा हक्क आहे.