त्यांचा ओव्हर अजून घ्यायचा आहे



सावेडीत परिचारिकांचं संमेलन भरावं आणि त्याचं अध्यक्षपद वॉर्डात हयात घालवलेल्या बाईकडे यावं, याचा मला फार आनंद आहे. मी बोलणार आहे युद्धात शुश्रूषा केलेल्या बायकांविषयी. सुरुवात मात्र आपल्या नगरापासून.

पाहुणा आला की आपण त्याला डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दाखवायला नेतो. खरं तर ती सलाबतखानाची कबर. चांदबिबी लढली ती खाली, भुईकोट किल्ल्यात. १५९५च्या वेढ्यात मोगलांनी सुरुंग लावून तट उडवला, तेव्हा नगरची ही लेक, विजापूरची सून, खिंडारापाशी उभी राहिली आणि रातोरात तिनं ते बुजवून घेतलं. तिचं नाव पुढे आणखी एका ठिकाणी लागलं, ते मात्र आपल्याला कुणी सांगितलं नाही.

ऑक्टोबर १९४३. सिंगापुरात डॉ. लक्ष्मी स्वामिनाथन यांच्या हाताखाली आझाद हिंद सेनेच्या झाशीची राणी रेजिमेंटचं शिक्षण सुरू झालं. त्यातल्या जवळपास दोनशे मुली शुश्रूषेसाठी निवडल्या गेल्या आणि त्यांच्या पथकाला नाव मिळालं चांदबिबीचं. रेजिमेंटमधल्या पुष्कळजणी मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ घरांतल्या. कित्येकींनी भारत डोळ्यांनी पाहिलाही नव्हता. हे वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही. झाशीची राणी तांब्यांची लेक, चांदबिबी आपल्या नगरची. ही दोन नावं घेऊन त्या मुली ब्रह्मदेशापर्यंत गेल्या, आणि आपण त्यांची साधी विचारपूसही केली नाही.

१९४४च्या पावसाळ्यात इंफाळहून माघारी फिरलेले जवान आले ते मलेरियानं, हगवणीनं, उपासमारीनं पिचून. ब्रह्मदेशातल्या मेम्योच्या इस्पितळात त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांत रेजिमेंटच्या मुली होत्या. आघाडीच्या अलीकडच्या, ब्रिटिशांच्या बाजूची गतही फारशी वेगळी नव्हती. तिथल्या चौदाव्या सेनेचे सेनापती जनरल स्लिम यांनी लिहून ठेवलंय, की १९४३मध्ये एका जखमी जवानामागे एकशेवीस आजारी जवान मागे पाठवावे लागत होते. एकशेवीस! इतरांना हा आकडा वाटेल. आपल्याला त्यात एकशेवीस टीपीआर चार्ट दिसतात, कपाळावरच्या ओल्या पट्ट्या, बेडपॅन; पहाटे चारला पाणी मागणारा आवाज ऐकू येतो. ते युद्ध परिचारिकांचंही होतं, तितकंच.

आघाडीच्या अलीकडच्या बाजूला काम करत होती ती १९२६ साली उभी राहिलेली भारतीय लष्करी परिचर्या सेवा. सिंगापुरात ते शिक्षण सुरू होण्याच्या महिनाभर आधी, सप्टेंबर १९४३मध्ये, या सिस्टरना वटहुकमानं कमिशन्ड अधिकाऱ्याचा दर्जा मिळाला. एकाच आघाडीच्या दोन्ही बाजूंना आपल्याच बायका ताप उतरवत होत्या. कोणती बाजू बरोबर, हा वाद इतिहासकारांनी घालावा. मी परिचारिका आहे, मला दोन्हीकडचे रुग्ण दिसतात.

दर्जा मिळाला, पण तो टिकवणं सोपं नव्हतं. स्वतंत्र भारतात, १९८८ साली, या सेवेतल्या एका लेफ्टनंटला लग्न केलं म्हणून नोकरीतून काढलं गेलं. ही कारवाई चुकीची होती, असं सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२४मध्ये सांगितलं आणि साठ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. छत्तीस वर्षं! तरुण वयात कमिशन घेतलेली मुलगी निकालाच्या दिवशी आजी व्हायच्या वयाची झालेली असते. मला हे शांतपणे सांगता येत नाही, क्षमा करा.

आपण ड्यूटी सोडताना ओव्हर देतो. कोणत्या खाटेवर कोण, रात्री काय झालं, सकाळी काय पाहायचं. ओव्हर दिल्याशिवाय कुणी घरी जात नाही. लढाईच्या बातम्या, पदकं, पोवाडे आपल्याकडे आहेत. पण तंबूतल्या इस्पितळात कंदिलाच्या उजेडात ड्रेसिंग बदलणारीचा ओव्हर मराठीत कुणी घेतला? तो लिहिणं साहित्यिकांवर सोडून चालणार नाही. तिची भाषा आपल्याला येते.

बाहेर चहाच्या टेबलावर मी एक कोरं रजिस्टर ठेवलं आहे. नगर लष्कराचं ठाणं, तेव्हा भिंगारला, सावेडीत, गावाकडे कुठंही लष्करातून निवृत्त झालेली सिस्टर ओळखीची असेल, तर तिला विचारून तिचं नाव त्यात लिहा. ऐंशी ओलांडलेल्यांकडे आधी जाऊ. मी येत्या रविवारपासून निघते आहे, सोबतीला दोघीतिघी हव्या आहेत.