सॉफ्टवेअरची मुलाखत : एका विद्यार्थिनीचा अनुभव
(पालक-विद्यार्थी मेळाव्यातील भाषण)



संगणक क्षेत्रातील नोकरी वशिल्याने किंवा फाडफाड इंग्रजीने मिळते, असा समज आपल्या मोहल्ल्यात पक्का बसला आहे. आपल्या एका माजी विद्यार्थिनीने पुण्यातील एका कंपनीत मुलाखत दिली. तिचा अनुभव निराळा आहे, म्हणून तिच्या संमतीने सांगतो.

पहिल्या फेरीत संगणकावर परीक्षा झाली. दुसऱ्या फेरीत समोरच्या अभियंत्याने एकच प्रश्न घातला : एक हजार संख्यांच्या यादीतून, ज्यांची बेरीज अमुक येते अशा दोन संख्या शोधा. प्रत्येक संख्येची दुसऱ्या प्रत्येक संख्येशी जोडी लावली, तर ४,९९,५०० जोड्या तपासाव्या लागतात. “याहून कमी श्रमात होईल का?” असे विचारताच ती क्षणभर घुटमळली. मग मोठ्याने विचार करू लागली. पाहिलेली संख्या नोंदवून ठेवावी आणि पुढच्या संख्येला जेवढी कमी पडते तेवढी नोंदीत आहे का, ते पाहावे. यादी एकदाच वाचून काम भागते! बोलताना मध्येच ती हिंदीवर आली. परीक्षकाने भाषेबद्दल चकार शब्द काढला नाही.

तिसऱ्या फेरीत मात्र डेटाबेसच्या प्रश्नांवर ती अडली व निवड हुकली. घरात “आता पुरे, स्थळ पाहू” असा सूर निघाला. वडिलांनी तिला आणखी सहा महिने दिले. चुकलेला प्रत्येक प्रश्न तिने वहीत लिहून पुन्हा सोडविला. चौथ्या कंपनीत तिची निवड झाली.

मित्रहो, प्रश्न सोडविण्याच्या अशा पायरीपायरीच्या रीतीला अल्गोरिदम म्हणतात. नवव्या शतकात बगदादमध्ये काम करणाऱ्या अल्-ख्वारिझ्मी या गणितज्ञाच्या नावावरून हा शब्द आला. त्यांच्या नावाचा नुसता अभिमान बाळगून मुलाखतीत उत्तर सुचत नाही. त्यासाठी रोज गणिताला बसावे लागते. आयआयटीच्या प्राध्यापकांचे एनपीटीईएलचे पाठ इंटरनेटवर विनामूल्य आहेत. उत्तराबरोबर त्याचे कारणही तोंडाने सांगण्याची सवय शाळेतच लावून घ्या.

आणि पालकांनो, पहिल्या नकाराला मुलीच्या शिक्षणाचा शेवट मानू नका. त्या वडिलांनी दिलेले सहा महिने कोणत्याही फीपेक्षा मोलाचे ठरले.

खुदा हाफिज.