वेळापत्रक हेही अंदाजपत्रकच

(फुलंब्री येथे कार्यकर्त्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांच्या आठवणी आज मोठ्या हौसेने काढल्या जातात. ‘गजरा’, ‘चिमणराव’, ‘छायागीत’, ‘हम लोग’ ही नावे उच्चारताच जुन्या पिढीचे चेहरे उजळतात. त्यात गैर काही नाही. परंतु काय दाखवले जात होते एवढेच आठवून भागणार नाही. कोणता तास कोणाच्या वाट्याला आला, हेही पाहिले पाहिजे. अंदाजपत्रकाचा जाणता वाचक अर्थमंत्र्यांच्या भाषणाला भुलत नाही, तरतुदी पाहतो. दूरदर्शनचे वेळापत्रकही असेच वाचावयास हवे. संध्याकाळचे मोजके तास ही सार्वजनिक संपत्ती होती आणि तिचे वाटप हा राजकीय निर्णय होता.

मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच वर्षी मराठवाड्यातील स्त्री-पुरुष दुष्काळी कामांवर खडी फोडत होते. १९७३ साली सिंहगडावरील केंद्रामुळे पुण्याची सोय झाली. पुढे १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवण्याचा ‘साइट’ प्रयोग झाला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. मुंबई-पुण्याच्या दिवाणखान्याला जे मिळाले, त्यासाठी मराठवाड्याच्या खेड्याला ताटकळावे लागले.

तथापि न्याय्य श्रेय दिलेच पाहिजे. मुंबई केंद्राने ‘आमची माती, आमची माणसं’ आणि ‘कामगार विश्व’ हे कार्यक्रम चालवले. कोरडवाहू शेतकऱ्यापाशी जाहिरातदाराला खूश करण्याइतकी क्रयशक्ती नव्हती. तरी त्याच्यासाठी वेळ निघाला, कारण प्रसारण नफ्यासाठी नव्हते. मात्र हा वेळ दिवेलागणीचा होता. त्या सुमारास शेतकरी गुरांना वैरण घालत असतो, घरची बाई चुलीपुढे असते. भाकरी खाऊन दोघे निवांत होत, तोवर पडद्यावर दिल्ली आलेली असे.

हे अपघाताने घडले नाही. १ जानेवारी १९७६ पासून जाहिराती आल्या. १५ ऑगस्ट १९८२ पासून रंग आणि दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. १९८४ मध्ये लघुशक्तीची क्षेपण केंद्रे झपाट्याने उभारली गेली. त्यांचे काम दिल्लीचे पुढे पोचवण्याचे. गावचा प्रश्न पडद्यावर आणण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. जुलै १९८४ मध्ये सुरू झालेल्या ‘हम लोग’चा मूळ हेतू कुटुंबनियोजन व स्त्रीच्या स्थानाविषयी प्रबोधन हा होता. प्रायोजकत्व नूडल्सच्या उत्पादकाकडे होते. प्रबोधन हळूहळू मागे पडले, नूडल्स मात्र घराघरांत पोचल्या. जानेवारी १९८७ मध्ये ‘रामायण’ आले. त्या प्रेक्षकांच्या श्रद्धेची टिंगल करण्याचे कारण नाही. परंतु लाखो माणसांचे लक्ष ही विकाऊ वस्तू आहे, हे रविवारच्या त्या सकाळी जाहिरातदाराला पुरते उमगले.

याविरुद्ध इशारा मिळालाच नव्हता असे नाही. डिसेंबर १९८२ मध्ये अर्थतज्ज्ञ पी. सी. जोशी (त्याच नावाचे कम्युनिस्ट नेते नव्हेत) यांच्या अध्यक्षतेखाली सरकारनेच एक कार्यगट नेमला. दूरदर्शनने ग्रामीण बहुजनांकडे वळावे, दिल्लीकेंद्रित राहू नये, असे या गटाचे सांगणे होते. सरकारने अहवाल स्वीकारला आणि वेळ प्रायोजकांना दिला.

१९९१ नंतर उपग्रह वाहिन्या आल्या आणि बाजारावर उरलासुरला लगामही सुटला. आज पडदा खिशात आला आहे. वेळापत्रक उरले नाही असे वाटते. प्रत्यक्षात कोणाला काय दिसावे हे ठरवणारा केवळ बदलला आहे.

म्हणून आठवणींतून मागणी निघाली पाहिजे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये म्हटले आहे. प्रसार भारती १९९७ पासून अस्तित्वात आहे, सह्याद्री वाहिनीही आहे. जनतेच्या पैशावर चालणाऱ्या या वाहिनीवर रात्री आठ ते नऊ हा तास आळीपाळीने जिल्ह्यांना मिळावा. त्यात फुलंब्रीच्या कापसाचा भाव, विहिरीचे पाणी आणि रोजगार हमीची थकलेली मजुरी इथल्याच माणसांच्या तोंडून, इथल्याच बोलीत ऐकू यावी. ही मागणी ग्रामसभांच्या ठरावांत आली पाहिजे. अंदाजपत्रकातील वाटा जसा मागितल्यावाचून मिळत नाही, तसा वेळापत्रकातीलही मिळत नाही.