नव्या सालाचा साधा संकल्प



पाडव्याला आपले नवे साल लागते. मागचे नुकसान विसरा, असे मी म्हणणार नाही. २०१९ च्या ऑक्टोबरात काढणीला आलेले सोयाबीन पावसात भिजले. २०२० च्या खरिपात अनेकांचे बियाणे उगवलेच नाही. आमच्या घरीही दुबार पेरणी करावी लागली. मी कृषीचा पदव्युत्तर, तरी घरच्या बियाण्याची उगवणशक्ती तपासायची राहून गेली. ती खंत अजून आहे.

म्हणून माझा यंदाचा संकल्प तुम्हीही करावा. पेरणीपूर्वी ओल्या गोणपाटावर १०० दाणे ओळीने ठेवा, गुंडाळी करून सावलीत ठेवा. सहाव्या दिवशी चांगले कोंब मोजा. ७० किंवा अधिक असल्यास एकरी ३० किलो बियाणे पुरे. ६० असल्यास ३५ किलो घ्या. फारच कमी असल्यास बियाणे बदला. जिवाणू संवर्धकाची प्रक्रिया करा. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय तिफण धरू नका. सोयाबीनमध्ये तुरीचे तास ठेवा; एक पीक गेले तरी दुसऱ्याचा आधार राहतो.

आपल्या वाशिमची शेती बहुतांशी पावसावर आहे. पाऊस आपल्या हाती नाही, दाणे मोजणे मात्र आहे. मृगापूर्वी एवढे कराच.