ठेकेदारी : कसबाकडून नेतृत्वाकडे

(बांधकाम, वीज व नळकाम या क्षेत्रांतील व्यावसायिकांपुढे केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



'ठेकेदार' हा शब्द आपल्या वऱ्हाडात कोणत्या सुरात उच्चारला जातो, हे येथे बसलेल्या कोणालाही वेगळे सांगायला नको. शेतकरी म्हटले की कष्ट आठवतात, शिक्षक म्हटले की संस्कार आठवतात आणि ठेकेदार म्हटले की पहिल्या पावसात वाहून गेलेला रस्ता आठवतो. या बदनामीला कारणे आहेत आणि ती सगळीच खोटी नाहीत. परंतु ज्या घरात बसून समाज ठेकेदाराला नावे ठेवतो, ते घरही कुणा ठेकेदारानेच उभे केलेले असते. मुलासाठी मुलगी पाहायला गेल्यावर 'मुलगा ठेकेदारी करतो' हे सांगताना बापाचा आवाज खाली जातो. तो खाली जाऊ नये यासाठी काय करावे लागेल, याचा विचार करायचा आहे.

उदाहरण लांबून आणण्याची गरज नाही. अमरावतीहून अकोल्याला जाणारा रस्ता ज्यांनी दहा-पंधरा वर्षांपूर्वी वापरला, त्यांच्या पाठीचे मणकेच त्याची साक्ष देतील. रखडलेले काम, बदललेल्या कंपन्या, धूळ आणि खड्डे हेच अनेक वर्षे त्या रस्त्याचे चित्र होते. त्याच महामार्गावर, अमरावती जिल्ह्यातील लोणीपासून अकोला जिल्ह्यातील मान्यापर्यंत, ३ जून २०२२ रोजी सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी डांबरी काँक्रीटचा थर टाकण्यास प्रारंभ झाला. ७ जूनला सायंकाळी ५ वाजता काम थांबले. एकूण १०५ तास ३३ मिनिटे. या अवधीत एका मार्गिकेचे सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण झाले आणि गिनेस बुकात त्याची नोंद झाली. पूर्वीचा विक्रम कतारमधील होता. २०१९ मध्ये तेथे २५ किलोमीटरपेक्षा थोडे अधिक काम दहा दिवसांत झाले होते. पुण्याच्या राजपथ इन्फ्राकॉनने आणि तिचे प्रमुख जगदीश कदम यांनी हे काम वऱ्हाडच्या उन्हात, मृगाच्या अगदी तोंडावर केले.

विक्रमाच्या बातम्या आल्या, पेढे वाटले गेले. आपण मात्र त्या बातमीकडे धंद्याच्या नजरेने पाहायला हवे. एकूण ३६,६३४ टन मिश्रण लागले, त्यात २,०७० टन डांबर होते. म्हणजे दर तासाला सुमारे ३४७ टन, रात्र असो वा दुपार. वीस टनांचा एक हायवा धरला तर अठराशेहून अधिक फेऱ्या होतात. मिश्रण दीडशे अंशांच्या आसपास तापलेले निघते. ते थंडावले की दबत नाही आणि न दबलेला थर टिकत नाही. त्यामुळे प्लँटवर एखादा पट्टा तुटला, वाटेत एखादा टायर फुटला किंवा पेव्हरवरचा चालक झोपेला आला, तर सगळी साखळी तुटणार. ७२० माणसे त्या साखळीत होती. मालक एकाच वेळी ७२० ठिकाणी उभा राहू शकत नाही. रात्री तीन वाजता रोलरवर बसलेल्या माणसाला काय करायचे हे विचारावे लागले नाही, याचाच अर्थ ते त्याला आधी सांगितले गेले होते आणि त्याने ते मानले होते.

आणखी एक गोष्ट बातमीत मागे पडली. वरचा थर ही रस्त्याची शेवटची पायरी. त्याखालची माती, मुरूम, खडी, नाल्यांवरच्या मोऱ्या हे सारे आधी झालेले होते. याच कंपनीने २०२१ मध्ये सातारा जिल्ह्यात पुसेगाव–म्हासुर्णे रस्त्यावर चोवीस तासांत सुमारे ३९ किलोमीटर एकेरी मार्गिकेचे काम केले होते. तेथे हात बसला, मग मान्याचे धाडस झाले. (विक्रम आणि दर्जा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हेही नोंदवायला हवे. रस्त्याची खरी परीक्षा घड्याळ घेत नाही, दहा पावसाळे घेतात.)

सातशे वीस माणसांची गोष्ट ऐकून सहा माणसांचा ठेकेदार म्हणेल, 'हे आमच्यासाठी नाही.' खरे तर ते त्याच्यासाठीच आहे. आपल्याकडचा बहुतेक ठेकेदार हा मुळात उत्तम कारागीर असतो. वायरमनचा वीज ठेकेदार होतो, गवंड्याचा बांधकाम ठेकेदार होतो. हाताला कसब असते म्हणूनच कामे मिळतात. आणि तेच कसब पुढे त्याला अडवते. चार साइट चालू असतात, पण पाट्यांची लेव्हल आपण पाहिल्याशिवाय स्लॅब ओतू द्यायचा नाही, फिटिंगचा शेवटचा स्क्रू आपणच आवळायचा. दिवसभर मोटारसायकलवर अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा असे फिरायचे आणि रात्री हिशेब लिहायचा राहून जायचा. ज्याच्या हाताखाली पंधरा वर्षे काम करणारा मिस्त्री आजही 'शेठ, पुढे काय करू?' असे विचारतो, त्या शेठने पंधरा वर्षांत एकही माणूस घडविलेला नाही. आजारपणाचे आठ दिवस आले की त्याचा धंदाही आठ दिवस अंथरुणावर पडतो.

वालचंद हिराचंदांच्या चरित्रात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते. सोलापूरच्या या तरुणाने रेल्वेच्या कंत्राटांतून सुरुवात केली तेव्हा त्यांच्याजवळ भांडवल होते, बांधकामाचे ज्ञान नव्हते. लक्ष्मणराव फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांना कामाची माहिती होती, भांडवल नव्हते. दोघे एकत्र आले आणि बार्शी लाइट रेल्वेपासून बोरघाटातील बोगद्यांपर्यंत पोहोचले. आपल्याला जे येत नाही ते येणाऱ्या माणसाला सन्मानाने शेजारी बसविणे, एवढेच त्यात होते. आपल्याकडे मात्र हिशेबनीस ठेवणे म्हणजे पगार वाया घालविणे, अशी समजूत आहे.

हिशेबाचा विषय निघालाच आहे तर 'बिलो'बद्दल बोलले पाहिजे. वीस टक्के, पंचवीस टक्के बिलो निविदा भरून काम घ्यायचे, मग ते परवडत नाही म्हणून सिमेंटमध्ये, सळईत, मजुरीत कापायचे. देयक अडकले की सावकाराकडे जायचे. २०२५ मध्ये राज्यभरातील कंत्राटदार थकीत देयकांसाठी रस्त्यावर उतरले. त्यांची तक्रार रास्तच होती, काम करून घेतलेल्याचे पैसे वेळेवर देणे हे शासनाचे कर्तव्य आहे. परंतु सुरक्षा ठेव अडकणार, चालू देयक उशिरा येणार, दोषदायित्वाच्या काळात पदरचा खर्च होणार, हे निविदा भरतानाच कागदावर मांडलेले असते का? ज्या दरात काम होत नाही तो दर न भरण्यालाही धैर्य लागते. शेजारचा ठेकेदार काम घेऊन जातो आणि लोक हसतात. ते हसू सहन करता आले पाहिजे.

आता पाण्याची गोष्ट, कारण आपल्या भागात ठेकेदाराची परीक्षा पाणीच घेते. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरला आहे. दर्यापूरकडे बोअरचे पाणी जिभेला लावले तरी कळते. सळई असलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात क्लोराइड लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावे, असे भारतीय मानक ४५६ सांगते. सळई नसेल तर हीच मर्यादा २,००० आहे. फरक का, तर क्षार सळईला खातात. गंजलेली सळई फुगते, वरच्या काँक्रीटला तडा देते आणि पोपडे निघू लागतात. त्यात खाली काळी माती, पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात आकसणारी. स्लॅब ओतला त्या दिवशी गोडे पाणी वापरले की खारे, हे घरमालकाला दिसत नाही. वास्तुशांतीला आलेल्या पाहुण्यांनाही दिसत नाही. आठ-दहा वर्षांनी, कर्ज फेडत असतानाच, छताकडे पाहून ते कळते. गोड्या पाण्याच्या टँकरचे पैसे वाचवायचे की नाही, हा निर्णय त्या दिवशी ठेकेदार एकटाच घेतो. आणि तो साइटवर नसेल, तर त्याचा मिस्त्री घेतो. मिस्त्री तेच करील, जे त्याने शेठला करताना पाहिलेले आहे.

मान्याचा तो रस्ता ज्या मूर्तिजापूर तालुक्यात संपला, त्याच तालुक्यातील दापुरे या गावी आजोळी डेबूजी झिंगराजी जानोरकर नावाचा मुलगा वाढला. जन्म १८७६, अमरावती जिल्ह्यातील शेणगावचा. पुढे त्यांनाच महाराष्ट्र गाडगेबाबा म्हणू लागला. बाबांकडे संत म्हणून पाहताना, त्यांनी किती मोठे बांधकाम उभे केले, हे आपण विसरतो. ऋणमोचनला पूर्णेचा घाट, पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी येथे धर्मशाळा. शाळेचे शिक्षण नाही, हातात खराटा, आणि लोक लाखांच्या देणग्या विश्वासाने देत. इमारत पूर्ण झाली की ती विश्वस्तांच्या हवाली आणि बाबा पुढच्या गावी. घरच्यांना त्यात वाटा नाही. पत त्यांनी कोणत्या बँकेतून आणली होती? व्यावसायिकाने नफा मिळवू नये असे कोणी म्हणणार नाही, त्याला संसार आहे. पण लोकांचा पैसा आणि आपला पैसा या दोन पिशव्या वेगळ्या ठेवण्याचे शास्त्र शिकायचे असेल, तर वऱ्हाडच्या ठेकेदाराला घराबाहेर फार दूर जावे लागत नाही.

शेवटी एका कागदाविषयी. १९९६ च्या केंद्रीय कायद्याने बांधकाम मजुरांसाठी कल्याण मंडळांची व्यवस्था आली. बांधकाम खर्चाच्या एक टक्का उपकरातून तिला निधी मिळतो. मुलांची शिष्यवृत्ती, बाळंतपण, अपघात यांसाठी मजुराला त्यातून साहाय्य मिळू शकते. त्यासाठी नोंदणी हवी, आणि नोंदणीसाठी मागील बारा महिन्यांत किमान ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही ९० दिवसांची अट आहे. दाखल्यावर सही लागते ती काम देणाऱ्याची. अनेक ठेकेदार ती देत नाहीत. सही केली तर उद्या काही अंगाशी येईल, अशी भीती त्यांना वाटते. मेळघाटातून आलेला, सकाळी घमेले उचलणारा, दुपारी त्याच सावलीत भाकर खाणारा माणूस मग अनोळख्या नावाने, दलालाला पैसे देऊन तीच सही विकत घेतो. ज्याच्या स्लॅबवर तो वर्षभर राबला, त्या शेठच्या दारात अर्ध्या दिवसाचा रोज बुडवून तो उभा असतो. सही करायला दोन मिनिटे लागतात.