थकलेली लेखणी

लिहावयास बसावें आणि लिहितां येऊं नये, हा अनुभव ज्यानें कधीं काळीं हातीं लेखणी धरली असेल त्याला नवा नाहीं. इंग्रजींत या अवस्थेला एक स्वतंत्र नांव आहे. एडमंड बर्गलर नांवाच्या मनोविश्लेषकानें १९४० नंतरच्या दशकांत तें पुढें आणलें, आणि तेव्हांपासून तिकडे या विषयावर पुस्तकांची रास पडली आहे. आपण मात्र 'सुचत नाहीं' एवढ्या दोन शब्दांवर भागवितों. हे शब्द सोयीचे आहेत, पण फसवेहि आहेत. कारण त्यांच्या पोटांत दोन निराळ्या गोष्टी दडलेल्या असतात; एक थकवा आणि दुसरी रितेपण. थकलेल्या माणसाजवळ सांगण्यासारखें पुष्कळ असतें, परंतु तें उचलून आणण्याचें बळ त्या वेळीं नसतें. रित्या माणसाजवळ बळ असतें, पण आणावयाचें काय तेंच त्याला ठाऊक नसतें. दोघांचीं औषधें भिन्न आहेत, आणि एकाचें औषध दुसऱ्यानें घेतलें कीं अपाय होतो.

रितेपणाबद्दल मी थोडक्यांतच बोलणार आहें. दिवसाकांठीं कांहीं तरी लिहीत जावें, हा समर्थ रामदासांच्या नांवावर चालत आलेला उपदेश आपण मुलांना शाळेपासून ऐकवितों. त्याच उपदेशाचा उत्तरार्ध वाचनाविषयीं आहे, आणि तो आपण सोयिस्करपणें गाळतों. ज्याच्याजवळ खरोखरच सांगावयाचें उरलेलें नाहीं, त्यानें लेखणी खालीं ठेवून चार महिने वाचावें, हिंडावें, माणसांत बसावें. कोरड्या विहिरींत पोहरा आपटीत राहण्यांत अर्थ नाहीं.

माझा आजचा विषय थकव्याचा आहे. आपल्यांतील बहुतेक लिहिणारे रिते नसतात, दमलेले असतात. कचेरींत आठ तास घालवून, गाडीच्या गर्दींतून उभ्यानें घरीं येऊन, मुलांचा अभ्यास आणि दुसऱ्या दिवसाची भाजी यांची व्यवस्था लावून रात्रीं दहा वाजतां जो कागद पुढें ओढतो, त्याच्या लेखणींतून कांहीं उतरलें नाहीं तर त्यांत नवल तें कसलें ? परंतु तो स्वतःला दमलेला म्हणवून घेत नाहीं. 'माझी प्रतिभा आटली,' असें म्हणतो. महिनाभर असें म्हटलें कीं तें त्याला खरें वाटूं लागतें, आणि अर्धी लिहिलेली वही कपाटाच्या वरच्या फळीवर जाते. कित्येक घरांत अशी एखादी वही आहे. ती वर चढण्याचें कारण बहुधा बुद्धीचें दारिद्र्य नसून झोपेचें असतें.

श्रम आणि लेखन यांचा हिशेब ज्यानें अगदीं उघडपणें मांडला, असा एक लेखक म्हणजे इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रॉलप. हा गृहस्थ टपालखात्यांत नोकरीला होता. १८१५ सालीं जन्मला, १८८२ सालीं वारला, आणि मागें सत्तेचाळीस कादंबऱ्या ठेवून गेला. पहाटे साडेपांचला मेजाशीं बसावयाचें, घड्याळ समोर ठेवावयाचें आणि दर पाव तासाला अडीचशें शब्द या मापानें लिहावयाचें, असा त्याचा क्रम असे. कचेरीची वेळ होण्यापूर्वीं दिवसाचें लेखन आटोपलेलें असे. १८५८ सालीं खात्याच्याच कामासाठीं तो इजिप्तला निघाला असतां समुद्र खवळला; तेव्हां हे महाशय कागद मेजावर तसाच टाकून ओकारीसाठीं आपल्या खोलीकडे धांवत, आणि परत येऊन पुढचें वाक्य लिहीत. 'डॉक्टर थॉर्न' ही कादंबरी पुरी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशीं त्यानें पुढच्या कादंबरीला हात घातला. त्याच्या मृत्यूनंतर १८८३ सालीं आत्मचरित्र प्रसिद्ध झालें, तेव्हां हा जमाखर्च वाचून पुष्कळ रसिक नाराज झाले. लेखन म्हणजे का जोडे शिवणें आहे, असें त्यांना वाटलें. गंमत अशी कीं जोडे शिवणाराची उपमा ट्रॉलपनें स्वतःच दिली होती; स्फूर्तीची वाट पाहत बसणें त्याला हास्यास्पद वाटे.

इथें माझें त्याच्याशीं जमत नाहीं. स्फूर्ति नांवाची वस्तु आहे, आणि ती घड्याळाला बांधलेली नाहीं. एकाच मापानें लिहिलेलीं ट्रॉलपचीं सगळीं पानें सारखीं उतरलेलीं नाहींत, हें त्याचा कोणताहि वाचक सांगेल. पण त्याच्या दिनक्रमांतील एक बारीकशी गोष्ट मला त्या घड्याळापेक्षां मोलाची वाटते. तीन तासांपैकीं पहिला अर्धा तास तो नवें कांहीं लिहीतच नसे. आदल्या दिवशीं लिहिलेलें वाची आणि त्याचा नाद कानांनीं तोलून पाही. म्हणजे रोज सकाळीं तो आरंभ करीत नसे. कालचें पुढें चालवीत असे.

आरंभ करणें आणि पुढें चालविणें या दोन क्रियांना लागणारें बळ सारखें नाहीं. उभी हातगाडी हलवितांना जो जोर लागतो तो चालत्या गाडीला लागत नाहीं. थकलेला माणूस पुढें चालवूं शकतो, आरंभ मात्र त्याच्यानें करवत नाहीं. आणि आपण नेमकें काय करतों ? दिवसाच्या सर्वांत दुबळ्या तासाला कोऱ्या कागदापुढें नेऊन बसवितों.

ट्रॉलपच्या पहाटेला आणखी एक बाजू आहे, ती सांगितल्यावांचून पुढें जाणें अन्यायाचें होईल. त्याच्याकडे एक म्हातारा नोकर होता. मालकाला पहाटे उठवून कॉफी आणून देण्याबद्दल त्याला वर्षाला पांच पौंड जास्त मिळत. आपल्या यशाबद्दल आपण इतर कोणाहिपेक्षां याचे अधिक ऋणी आहों, असें ट्रॉलपनें मोकळ्या मनानें लिहून ठेवलें आहे. पहाटे उठून लिहा, असा उपदेश करणारांनीं हा म्हातारा विसरूं नये. आपल्या घरांत तो पहाटेचा चहा कोण करतें ? बहुधा तीच, जिलाहि कांहीं लिहावयाचें असतें. तिची पहाट पाणी, दूध आणि डबे यांत जाते. तिला रात्रच उरते, आणि त्या रात्रीचें काय करावें हा खरा प्रश्न आहे.

आतां याहून बिकट प्रसंग पाहा. १८६५ सालीं कर्जांत बुडालेल्या दोस्तोयेव्स्कीनें स्टेलोव्स्की नांवाच्या प्रकाशकाशीं एक करार केला. पुढील वर्षाच्या १ नोव्हेंबरपर्यंत नवी कादंबरी हातीं दिली नाहीं, तर नंतर नऊ वर्षें दोस्तोयेव्स्की जें जें लिहील तें एक कवडीहि न देतां छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळावयाचा होता. १८६६ चा ऑक्टोबर उजाडला तरी या कादंबरीला हात लागला नव्हता. 'गुन्हा आणि शिक्षा' मासिकांतून क्रमशः चालू होती, तिचें ओझें निराळेंच. त्यांत अपस्माराचें दुखणें आणि दाराशीं सावकार. मित्रांनीं सुचविलें, आम्ही एकेक भाग लिहून देतों, तुम्ही नांव घाला. तें त्यानें नाकारलें. त्याऐवजीं ॲना ग्रिगोर्येव्ना या वीस वर्षांच्या लघुलेखिकेला कामावर घेतलें, आणि सव्वीस दिवसांत 'जुगारी' ही कादंबरी तोंडानें सांगून पुरी केली. हस्तलिखित घेण्याचा प्रसंग टळावा म्हणून प्रकाशक गांवाबाहेर निघून गेला. अखेर तें पोलिसठाण्यावर देऊन पावती घ्यावी लागली. पुढच्या फेब्रुवारींत त्या लघुलेखिकेशीं दोस्तोयेव्स्कीचा विवाह झाला, आणि ही हकीकत बहुधा त्या विवाहासाठींच सांगितली जाते.

मला तींतल्या दुसऱ्या दोन गोष्टी लक्षांत ठेवण्याजोग्या वाटतात. पहिली ही कीं, अशा जुगारी माणसाच्या कथेची कल्पना त्यानें १८६३ सालींच रोमहून एका मित्राला पत्रानें कळविली होती. तीन वर्षें ती मनांत मुरत होती. सव्वीस दिवसांत त्यानें जें केलें तो आरंभ नव्हता. दुसरी गोष्ट कामाच्या वांटणीची. रात्रीं तो टिपणें काढी, दुपारीं त्यांवरून सांगे, आणि तें सुवाच्य करून आणण्याचें काम ती करी. लिहिण्याचें म्हणून जें एक मोठें ओझें आपण समजतों, त्याचे त्यानें तीन तुकडे केले, आणि ज्या वेळीं जो तुकडा उचलवेल तोच उचलला. आपल्याजवळ लघुलेखिका नसते. पण तिन्ही तुकडे तर असतात. दमलेल्या रात्रीं चार ओळींचें टिपण होऊं शकतें. कालचें पान स्वच्छ लिहून काढतां येतें. कधीं कधीं नवऱ्याला, बायकोला किंवा मोठ्या मुलीला पुढची हकीकत नुसती सांगावी. तोंडाला जें सहज जमतें तें लेखणीला उगाचच अवघड वाटत असतें.

सांगणारा आणि लिहिणारा ही जोडी आपल्याला परकी नाहीं. ज्ञानेश्वरीच्या लेखनाला सच्चिदानंदबाबा होते. महाभारताच्या कथेंत तर गणपतीची अटच होती कीं माझी लेखणी थांबतां कामा नये. व्यासांनीं उलट अट घातली, अर्थ समजल्यावांचून लिहावयाचें नाहीं. आणि मग मधून मधून एखादा कूटश्लोक टाकून, गणपति विचारांत पडला असतां, ते पुढचे श्लोक जुळवीत. पुढचें कांहीं तरी हाताशीं असल्यावांचून लेखकाला उसंत नाहीं, हें आपल्या कथाकारांनीं किती जुन्या काळीं ओळखलें होतें ! विसाव्या शतकांत अमेरिकन कादंबरीकार हेमिंग्वे यानेंहि आपला नियम असाच सांगितला आहे : पुढें काय होणार हें ठाऊक असतांनाच त्या दिवसाचें काम थांबवावें. सुचतें आहे तोंवर लिहून घेऊं, असा लोभ आपल्याला होतो. पण त्या लोभानें उद्यांच्या दमलेल्या माणसासाठीं कोरा कागद तेवढा उरतो. म्हणून उठतांना पुढचें अर्धें वाक्य मुद्दाम अपुरें सोडावें.

धागा तुटला म्हणजे काय होतें याचें उदाहरण कोलरिजचें. 'कुब्ला खान' हें काव्य १७९७ सालीं आपल्याला झोपेंत सुचलें, जागें होऊन तें उतरवीत असतां पोर्लॉक गांवाहून कोणी मनुष्य कामासाठीं आला, तासाभरानें परत येऊन पाहतों तों उरलेलें सारें विरून गेलेलें, असें त्यानें १८१६ सालीं तें अपुरें काव्य छापतांना लिहिलें. हा पाहुणा खराच आला होता कीं नाहीं याबद्दल टीकाकारांना शंका आहे, आणि मलाहि आहे. आपल्याकडे मात्र तो दिवसांतून दहा वेळां येतो. अलीकडे तर तो खिशांतल्या दूरध्वनींतच राहावयास आला आहे.

एक खबरदारी मात्र अवश्य घ्यावी. आपल्यांतील निर्माता थकून झोपीं जातो, तरी आपल्यांतील टीकाकार जागाच असतो, आणि एकटा असला म्हणजे फार कठोर होतो. रात्रीं अकराला प्रत्येक वाक्य भिकार वाटतें. म्हणून रात्रीं लिहिलेलें रात्रीं फाडूं नये. सकाळीं फाडावयास कोणाची हरकत नाहीं.

पुढें चालविण्याच्या बळाविषयीं मी बोललों, त्याचें मोठें उदाहरण आपल्याच भाषेंत आहे. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ सालीं वारले, तेव्हां त्यांचें 'ख्रिस्तायन' अपुरें होतें. लक्ष्मीबाईंना शाळेचें शिक्षण नव्हतें. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तें काव्य त्यांनीं हातीं घेतलें आणि पुरें केलें, आणि त्यांनीं लिहिलेला भाग टिळकांनीं लिहिलेल्या भागाहून कितीतरी मोठा आहे. त्यांचीं स्वतःचीं 'स्मृतिचित्रें' पुस्तकरूपानें १९३४ पासून येऊं लागलीं, तेव्हां त्यांनीं वयाचीं पासष्ट वर्षें ओलांडलीं होतीं.

कोणी म्हणेल, पण आरंभ केव्हां तरी करावाच लागेल कीं नाहीं ? लागेल. त्यासाठीं आठवड्यांतील एक ताजी वेळ राखून ठेवावी. रविवारची सकाळ बरी. नवें प्रकरण, नवी कथा, जें कांहीं कोऱ्या कागदावर उभें करावयाचें तें तेव्हां उभें करावें, आणि आठवड्याच्या रात्री तें पुढें ढकलण्यासाठीं ठेवाव्या. घरांत लिहिणारी व्यक्ति गृहिणी असेल, तर त्या एका सकाळीं चहा दुसऱ्या कोणीं तरी करावा. वर्षाला पांच पौंड न घेतां.