अंतर तेच, दुरावा वेगळा

दोन विमानतळांमधील अंतर किलोमीटरमध्ये मोजले जाते. विकासाच्या दृष्टीने मात्र ते वेळ, खर्च आणि उपलब्ध पर्याय यांतच मोजावे लागते. अंदमानचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे.

चेन्नई ते श्रीविजयपुरम (2024 पूर्वीचे पोर्ट ब्लेअर) हे हवाई अंतर सुमारे 1,370 किलोमीटर आहे. चेन्नई ते कोलकाता हे अंतरही जवळपास तेवढेच. पृथ्वीच्या गोलाकार पृष्ठभागावरील सर्वांत लहान मार्गाने हे अंतर मोजतात. ताशी 800 किलोमीटर वेग धरल्यास ते पावणेदोन तासांच्या आत कापले जावे. वेळापत्रकात मात्र दोन तासांहून अधिक अवधी दाखविला जातो. धावपट्टीपर्यंत जाणे, उंची गाठणे, उतरताना वेग कमी करणे आणि वाऱ्याची दिशा यांचाही हिशेब त्यात धरलेला असतो.

दोन्ही मार्गांवर अंतर आणि उड्डाणाचा वेळ जवळपास सारखा असेल, तर फरक कोठे आहे? तो पर्यायांत आहे. कोलकात्याला जाणाऱ्यास विमानभाडे परवडले नाही, तर सुमारे एका दिवसात पोहोचविणारी रेल्वे उपलब्ध आहे. अंदमानला जाणाऱ्यापुढे केवळ जहाजाचा पर्याय उरतो. त्या प्रवासास सुमारे तीन दिवस लागतात आणि फेऱ्याही मोजक्याच असतात. पर्याय जितके कमी, तितकी मागणीची किंमत-लवचिकता कमी, हा अर्थशास्त्रातील नियम येथे प्रत्यक्ष दिसतो. भाडे वाढले तर पर्यटक दुसरे स्थळ निवडतो. उपचारासाठी मुख्य भूमीवर येणाऱ्या रुग्णास तशी मुभा नसते. त्यामुळे भाडेवाढीचा खरा भार द्वीपवासीयांवर पडतो.

ही उणीव केवळ बाजारपेठ भरून काढू शकत नाही. म्हणूनच 1994 मध्ये मार्ग-विभाजनाची मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. गर्दीच्या मार्गांवर सेवा देणाऱ्या विमान कंपन्यांना ईशान्य भारत, अंदमान-निकोबार, लक्षद्वीप यांसारख्या भागांतही ठरावीक प्रमाणात सेवा देणे बंधनकारक करण्यात आले. हे एक प्रकारचे परस्पर-अनुदानच होय. 2016 मध्ये जाहीर झालेल्या ‘उडान’ योजनेने व्यवहार्यता तफावत निधीचा, म्हणजे थेट साहाय्याचा मार्ग स्वीकारला.

श्रीविजयपुरम येथील वीर सावरकर आंतरराष्ट्रीय विमानतळाच्या नव्या टर्मिनलचे उद्‌घाटन जुलै 2023 मध्ये झाले. त्याची क्षमता वर्षाला 50 लाख प्रवाशांची आहे. 2011 च्या जनगणनेनुसार या केंद्रशासित प्रदेशाची लोकसंख्या सुमारे 3.8 लाख होती. ही क्षमता प्रामुख्याने पर्यटनवाढ डोळ्यांपुढे ठेवून उभारलेली आहे, हे या आकड्यांवरूनच स्पष्ट होते. पर्यटनामुळे विमानांच्या फेऱ्या वाढतात, त्याचा लाभ स्थानिकांनाही मिळतो. परंतु हंगामात त्याच आसनांसाठी स्पर्धाही वाढते.

तात्पर्य, पायाभूत सुविधा आणि सुगम्यता या दोन भिन्न संकल्पना आहेत. टर्मिनल किती मोठे, यापेक्षा तातडीच्या वेळी सामान्य द्वीपवासीयास परवडणाऱ्या भाड्यात आसन मिळते काय, हाच दळणवळण धोरणाच्या यशाचा खरा निकष होय.